मुनीमजींच्या पट्ट्या मालकाला दिसत नाहीत, मालकाच्या मुनीमजींना

फैजपुरी

राम राम मंडळी. तीन दिवस डोकं बंद पडलंय म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल.

सावद्याला एक केळीचे व्यापारी आहेत. माझ्या चुलतभावाने 2003 साली व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिक 6, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) लिहिलेला प्रोग्राम त्यांच्याकडे अजून चालतो. शेतकऱ्याचं नाव, गाडी, वजन, भाव टाका, हमाली-तोलाई वजा, उचल वजा, की पट्टी छापून तयार. डेटा एकाच एमडीबी फाइलमध्ये, म्हणजे ॲक्सेसच्या डेटाबेस फाइलमध्ये; ती हाताळणारं इंजिन जेट 4.0. दादा आता या धंद्यात नाही. सोर्स कोड माझ्याकडे आला, आणि कोडासोबत ग्राहकांचे फोनही माझ्याकडेच.

जुना संगणक विंडोज 7 वर होता. त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला, पण दुकानात कोण विचारतो. यंदा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उडाला तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर नवा घेतला, विंडोज 11. मी जाऊन प्रोग्राम टाकला, फाइल कॉपी केली, शेवटची पट्टी 1186 दिसली, चहा घेतला आणि घरी आलो.

आता 1204 नंबरची पट्टी दोन शेतकऱ्यांच्या हातात आहे. एक निंभोऱ्याचा, एक चिनावलचा. दोन्ही आमच्याच प्रिंटरवर छापलेल्या. प्रोग्राममध्ये मालक बघतात तर निंभोऱ्याचा दिसतो. मुनीमजी बघतात तर चिनावलचा. संगणक एकच, आयकॉन एकच, फाइल एकच! मुनीमजी मला फोनवर म्हणाले, "भो, मी टाकेल पट्ट्या शेठच्या टायमाले कुठी जातात?" काय उत्तर देऊ?

सकाळी मुनीमजी बसतात, संध्याकाळी मालक. महिनाभर जो तो आपापलंच बघत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

भरीतपुरी

भुताटकी आहे भो. लिंबू-मिरची बांध सीपीयूला.

खरं सांगायचं तर अँटिव्हायरस बघ. आमच्याकडे एकदा अँटिव्हायरसने अख्खी एक्झी फाइल उचलून कोठडीत टाकली होती आणि ग्राहक म्हणे प्रोग्राम चोरीला गेला. सही नसलेल्या जुन्या एक्झीवर त्यांचा फार राग असतो.

फैजपुरी

अँटिव्हायरस बंद करून पाहिला, काही फरक नाही. फाइल जागेवर आहे, उघडतेही. फक्त दोघांना दोन वेगळे डेटा दिसतात.

कोथरूडचा_खान्देशी

दादा, 2003 चा व्हीबी सिक्स? त्याच्या आयडीईचा, म्हणजे कोड लिहायच्या साधनाचा, सपोर्ट एप्रिल 2008 मध्ये संपला. हे सगळं वेबवर घे, पोस्टग्रेस डेटाबेस टाक, मोबाइलवरून मालक कुठूनही बघतील. या असल्या दुरुस्त्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. तिकडे कोणी नीट सॉफ्टवेअर करायला मागत नाही हाच प्रॉब्लेम आहे.

भरीतपुरी

तिकडे म्हणजे कुठे रे भाऊ? विप्रोचा जन्म आपल्या खान्देशातल्या अमळनेरचा आहे, 1945 चा, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. जरा दमानं.

आसोदेकरीण

वेबचा सल्ला वाईट नाही, पण घराला आग लागली असताना नवीन घराचा नकाशा दाखवण्यासारखा आहे. दोन शेतकरी दारात उभे आहेत, आधी ते बघू. आणि आयडीईचा सपोर्ट गेला असला तरी व्हीबी सिक्सचा रनटाइम (तयार प्रोग्राम चालवणाऱ्या फाइली) विंडोज 11 वरही चालतो, मायक्रोसॉफ्टच तो सोबत देतं. उद्या सकाळी बंद पडेल असं काही नाही.

फैजपुरी भाऊ, तीन गोष्टी सांगा. दोघांचं विंडोज लॉगिन एकच आहे की वेगळं? प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये टाकला? आणि मुनीमजींचा प्रोग्राम चालू असताना एमडीबीशेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल, म्हणजे डेटा उघडा असताना जेट बनवतं ती कुलूप-फाइल, दिसते का?

फैजपुरी

ताई, लॉगिन वेगळी आहेत. मालकाच्या मुलाने करून दिली. मालकाचं ॲडमिन, मुनीमजींचं साधं. फोल्डर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स एक्स 86 च्या आत, दादाच्या सेटअपने जिथे टाकला तिथेच.

एलडीबीचं आत्ता मुनीमजींना फोनवर बघायला लावलं. मालकाच्या लॉगिनमध्ये प्रोग्राम उघडला की एलडीबी दिसते. मुनीमजींच्या लॉगिनमध्ये प्रोग्राम उघडा आहे, पट्टी टाकता येते, पण एलडीबी नाही. असं कसं? फाइल उघडली तर एलडीबी बनायलाच पाहिजे ना?

पांझराकाठ

बनली आहे. तुम्ही चुकीच्या फोल्डरात बघताय.

मुनीमजींना लॉगिन करायला सांगा, एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत टक्केचिन्हांत लोकलॲपडेटा टाइप करून एंटर मारा. आत व्हर्च्युअलस्टोअर नावाचा फोल्डर असेल. त्याच्या आत प्रोग्राम फाइल्स एक्स 86, त्याच्या आत तुमच्या प्रोग्रामचं नाव. तिथे काय आहे ते सांगा. काहीही हलवू नका, काहीही पुसू नका.

फैजपुरी

आहे!! एमडीबी आहे, एलडीबी आहे, आजची तारीख आहे. दादा, हे काय आहे?

पांझराकाठ

सांगतो. मीसुद्धा हे धुळ्याच्या एका तेल गिरणीत शिकलो, दोन दिवस घालवून.

व्हिस्टापर्यंत, म्हणजे 2007 पर्यंत, आपल्याकडे सगळे ॲडमिन म्हणूनच बसायचे आणि प्रोग्राम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात लिहायचे. व्हिस्टामध्ये यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, परवानगीचा पहारेकरी) आलं आणि प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला बंदी झाली. मग जुने हजारो प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. 32 बिटचा जुना प्रोग्राम, ज्याच्यात परवानगीबद्दल काही सांगणारं मॅनिफेस्ट नाही, तो तिथे लिहायला गेला तर विंडोज त्याला नाही म्हणत नाही. फाइलची एक प्रत त्या माणसाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये करतं आणि पुढचं सगळं लिहिणं-वाचणं तिथे वळवतं. प्रोग्रामला वाटतं आपण मूळ फाइलवरच आहोत. व्हीबी सिक्सच्या एक्झीत मॅनिफेस्ट नसतंच, त्यामुळे तो यात हमखास सापडतो.

प्रत्येक विंडोज लॉगिनला स्वतःची वेगळी प्रत. म्हणजे मुनीमजींची वही वेगळी, शेठची वेगळी.

आता मला सांगा, मालक आयकॉनवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करतात का? कारण त्यांची एलडीबी मूळ फोल्डरात दिसते, म्हणजे त्यांचं लिखाण खरोखर तिथेच जातंय. ॲडमिन लॉगिन असलं तरी साध्या डबल क्लिकने तसं होत नाही.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, त्यात यूएसी व्हर्च्युअलायझेशनवर टिक. मुनीमजींच्या लॉगिनमध्ये तुमच्या एक्झीसमोर एनेबल्ड दिसेल.

फैजपुरी

एनेबल्ड दिसतंय. आणि हो, मालकाच्या मुलाने प्रॉपर्टीजच्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये ॲडमिनची टिक मारून ठेवली आहे. "काहीतरी कटकट करत होतं म्हणून मारली" म्हणतो.

जुन्या विंडोज 7 वर हे कधीच झालं नाही, कारण तिथे यूएसी बंद होतं. कोणी बंद केलं होतं? मीच. 2014 साली. त्या वेळी मला वाटलं होतं मी फार हुशारी केली.

भरीतपुरी

भूत सापडलं. भूत फैजपूरचंच निघालं.

आसोदेकरीण

फैजपुरी भाऊ, हसू नका, अजून एक वाईट बातमी असू शकते. बॅकअप कसा घेता?

फैजपुरी

रोज रात्री एक बॅच फाइल चालते, एमडीबी कॉपी करून पेन ड्राइव्हवर… अरे देवा.

आसोदेकरीण

हं. ती बॅच फाइल सीएमडीत (विंडोजच्या कमांड खिडकीत) चालते, सीएमडीला हे वळवणं लागू नाही. ती इमानदारीने मूळ फोल्डरातली फाइल उचलते. म्हणजे महिनाभर बॅकअप रोज झाला, पण त्यात मुनीमजींची एकही पट्टी नाही. संगणक पडला असता तेव्हाच हे कळलं असतं.

पांझराकाठ

म्हणून आत्ताच्या आत्ता: दोन्ही लॉगिनमधून प्रोग्राम बंद. मूळ फोल्डर आणि मुनीमजींचं व्हर्च्युअलस्टोअर, दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या नावांनी पेन ड्राइव्हवर. मालकाच्या लॉगिनचंही व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा, मुलाने टिक मारण्याआधीचे काही दिवस तिथे पडलेले असू शकतात.

आणि एक घाई करू नका. कुणीतरी सांगेल की एक्झीला मॅनिफेस्ट जोडा, हे वळवणं बंद होतं. बरोबर आहे, पण आज जोडलं तर मुनीमजींना त्यांच्या सगळ्या पट्ट्या गायब दिसतील आणि ते रडतील. आधी डेटा एक करा, मग मॅनिफेस्ट.

चोपडा_जिनिंग

मध्येच घुसतो, माफी असावी. विषय ग्राहकाकडच्या संगणकाचाच आहे म्हणून.

आमच्या जिनिंगवर भुईकाटा आहे. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून सिरियल केबल, मग यूएसबी कन्व्हर्टर, मग माझा प्रोग्राम. दहा गाड्यांपैकी नऊ गाड्या नीट. दहावीला 12450 किलोच्या जागी 450 येतं. कापसाच्या गाडीचं वजन 450? ड्रायव्हर हसतो. केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, काटेवाला येऊन पैसे घेऊन गेला. काटा बरोबर आहे म्हणतो, आणि इंडिकेटरवर 12450 च दिसतं.

पांझराकाठ

केबल, काटा दोन्ही निर्दोष. कोड दाखवा, पोर्टमधून डेटा कसा वाचता?

चोपडा_जिनिंग

एमएसकॉम कंट्रोल (व्हीबीचा सिरियल पोर्ट वाचणारा भाग), डेटा आला की उठणाऱ्या ऑनकॉम इव्हेंटमध्ये इनपुट घेतो आणि व्हॅलने आकडा करून टेक्स्टबॉक्सात टाकतो. एवढंच.

पांझराकाठ

तिथेच आहे. सिरियल पोर्ट म्हणजे नळ, बादली नाही. इंडिकेटर 12450 पाठवतो, पण इव्हेंट आला तेव्हा किती अक्षरं पोहोचली असतील याचा काही नेम नाही. एकदा "12" आलं, पुढच्या इव्हेंटला "450" आलं, आणि तुम्ही शेवटचं ते खरं धरलं. संगणक रिकामा असतो तेव्हा सगळं एका घोटात येतं, म्हणून नऊ गाड्या बरोबर.

एक स्ट्रिंग व्हेरिएबल ठेवा. येईल ते त्याच्या शेपटाला जोडत जा. ओळ संपल्याचं चिन्ह आलं, बहुतेक इंडिकेटर कॅरेज रिटर्न पाठवतात, की तेवढा तुकडा कापा, त्याची लांबी तपासा, मगच आकडा काढा. अर्धवट तुकडा पुढच्या खेपेसाठी राहू द्या. डॉटनेटच्या सिरियलपोर्टलाही हेच लागू, वर तिथे डेटा रिसीव्ह्ड इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो, त्यामुळे तिथून थेट टेक्स्टबॉक्सला हात लावला की क्रॉस थ्रेडची एरर.

शिवाय गाडी काट्यावर चढताना आकडा हलत असतो. लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तरच सेव्हचं बटण चालू करा.

आसोदेकरीण

आणि कन्व्हर्टर नेहमी एकाच यूएसबी भोकात लावायला सांगा, त्यावर खडूने खूण करा. दुसऱ्या भोकात लावला की विंडोज बरेचदा त्याला नवीन कॉम नंबर देतं. आज कॉम 3, उद्या कॉम 7, आणि फोन आपल्याला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर हाताने परत बसवता येतो. 16 च्या पुढचा नंबर मिळाला तर जुना एमएसकॉम तो उघडतच नाही, तेव्हा खालचा द्या.

चोपडा_जिनिंग

बदल केला. आज सकाळपासून चौदा गाड्या, एकही 450 नाही. काटेवाल्याला दिलेले पैसे कोणाकडे मागू?

भरीतपुरी

ते सरकीत गेले समज.

फैजपुरी

मी परत आलो. दोन एमडीबी समोर ठेवून बसलोय आणि वाटलं त्यापेक्षा वाईट आहे.

दोन्हींत 1187 पासून पुढे नंबर आहेत आणि दोन्हींतले वेगळे. मालकाकडे 1251 पर्यंत, मुनीमजींकडे 1298 पर्यंत. नवे नंबर देऊ का सरसकट?

आसोदेकरीण

नको. शेतकऱ्याच्या खिशात कागद आहे, त्यावर जो नंबर छापलाय तो प्रोग्राममध्ये सापडलाच पाहिजे. नंबर आहे तोच ठेवा, शेजारी एक नवा कॉलम घ्या, त्यात "शे" किंवा "मु" लिहा. छापताना 1204-मु असं येऊ द्या. यापुढचा नंबर 1299 पासून सर्वांना एकच.

तुमच्या टेबलांत पट्टीचा ऑटोनंबर (फाइल स्वतःच देते तो आयडी) आणि तपशिलाच्या ओळींत त्याचाच आधार असेल. दोन्ही फाइलींत ते आयडी एकमेकांवर आदळणार. म्हणून मुनीमजींच्या फाइलमधली एकेक पट्टी घ्या, मूळ फाइलमध्ये घाला, लगेच सिलेक्ट @@आयडेंटिटी करून नवा आयडी मिळवा, जेट 4.0 मध्ये ते चालतं, आणि मग त्या पट्टीच्या ओळी नव्या आयडीने घाला. जुना आयडी, नवा आयडी अशी जोडी एका टेबलात लिहून ठेवा. उद्या काही बिघडलं तर तीच वाट मागे नेते.

आणि उचलीची शिल्लक? ती खात्यात आकडा म्हणून साठवलीय की दर वेळी मोजता?

फैजपुरी

साठवलीय. दादाने शेतकरी टेबलात एक शिल्लक कॉलम ठेवलाय, पट्टी सेव्ह झाली की त्यातून वजा.

आसोदेकरीण

मग दोन्ही फाइलींतल्या शिल्लका खोट्या आहेत. एकीकडून दुसरीकडे उचलायला जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि उचली एकत्र झाल्या की सुरुवातीच्या शिलकेपासून पुन्हा मोजा. ज्यांची बेरीज जुळत नाही त्यांची यादी काढून मालकासमोर ठेवा. तो हिशोब कोडने सुटणारा नाही, तो माणसांनीच करायचा.

फैजपुरी

केलं. रात्रभर बसून एकत्र करणारी छोटी एक्झी लिहिली. आणि आता नवीनच!

एकत्र झालेल्या फाइलमध्ये मुनीमजींच्या 5 जूनच्या पट्ट्या 6 मे ला दिसतात. 3 जूनच्या 6 मार्चला. पण 13 जूनच्या 13 जूनलाच! 12 तारखेपर्यंत सगळं उलटं, 13 पासून सरळ.

पांझराकाठ

हा माझा जुना मित्र. तुम्ही इन्सर्टची एसक्यूएल स्ट्रिंग जोडताना तारीख तशीच चिकटवली ना, दोन हॅशच्या मध्ये?

तुमच्या लॅपटॉपवर तारीख आपल्या पद्धतीने, दिवस आधी. व्हीबी तारखेची स्ट्रिंग करताना तीच पद्धत वापरतो आणि 05-06-2025 देतो. पण जेट हॅशमधली तारीख कायम अमेरिकी चष्म्यातून वाचतं, महिना आधी. म्हणून 5 जूनची 6 मे झाली. 13-06 आलं तर तेरावा महिना नसतो, मग जेट मुकाट्याने उलटं करून घेतं. गप्प राहून चूक करणारं यापेक्षा वाईट काही मी पाहिलं नाही. एरर दिली असती तर पाच मिनिटांत सापडलं असतं.

पॅरामीटर वापरा, म्हणजे तारीख तारीख म्हणूनच जाते. ते जमत नसेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने फॉरमॅट करून टाका, तिथे गोंधळाला जागा नाही. आणि मूळ प्रतीवरून पुन्हा सुरू करा, बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका. 12 च्या आतल्या कुठल्या तारखा उलटल्या आणि कुठल्या मुळातच तशा होत्या हे नंतर सांगता येत नाही.

फैजपुरी

मूळ प्रती पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचलो.

गंमत सांगू का? दादाच्या मूळ कोडात प्रत्येक ठिकाणी तारखेभोवती फॉरमॅट आहे, महिना आधी. आणि वर कॉमेंट: "इथे हात लावू नये". का लावू नये ते लिहिलेलं नाही. मी माझ्या नव्या कोडात "हे कशाला" म्हणून काढून टाकलं होतं.

भरीतपुरी

भाऊ, आमच्याकडे पण एक अशीच कॉमेंट आहे, "साहेब आले की बंद करणे". साहेब कोण, काय बंद करायचं, कोणाला माहीत नाही. दहा वर्षं झाली, कोणी हात लावत नाही.

कोथरूडचा_खान्देशी

बरं, मघाशी जरा जास्तच बोललो. एक कामाचं सांगतो. फाइल प्रोग्रामडेटामध्ये हलवा, सी ड्राइव्हवरचा लपलेला फोल्डर. सर्वांसाठी एकच जागा. पण मॅनिफेस्ट आधी जोडा, नाहीतर तिथेही वळवावळवी होते.

फैजपुरी

डेटा एक झाला होता, म्हणून मॅनिफेस्ट जोडलं आणि फाइल हलवली. मालकाच्या लॉगिनमध्ये पळते. मुनीमजींकडे "ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी". मी क्वेरी बदललेलीच नाही!

पांझराकाठ

क्वेरीचा काही दोष नाही, जेटला लिहायला मिळालं नाही की ते असंच काहीबाही बोलतं. प्रोग्रामडेटामध्ये साध्या यूजरला नवीन फाइल बनवता येते, पण दुसऱ्याने बनवलेली फाइल बदलता येत नाही, नुसती वाचता येते. फाइल मालकाच्या लॉगिनमधून ठेवलीत, म्हणून मुनीमजी वाचक झाले.

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, यूजर्स निवडा आणि मॉडिफायला टिक. फाइलवर नाही, फोल्डरवर, म्हणजे एलडीबी बनवायची आणि पुसायचीही परवानगी मिळते. पुढच्या ग्राहकासाठी हे सेटअपमध्येच घाला. इनो सेटअप वापरत असाल तर डर्स विभागात त्या फोल्डरला परमिशन्स म्हणून यूजर्स-मॉडिफाय लिहिलं की झालं.

मॅनिफेस्ट जोडलंत ते बरं केलं. त्यात ॲज इन्व्होकर, म्हणजे चालवणाऱ्याच्याच परवानगीने चालणे, असू द्या. उद्या चुकून कुठला कोड प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला तर तो निदान ओरडेल, गुपचूप दुसरी वही उघडणार नाही. आणि मालकाच्या आयकॉनवरची ती ॲडमिनची टिक काढा.

चोपडा_जिनिंग

एक विचारू? माझ्याकडे रिपोर्ट चालू असताना खिडकी पांढरी पडते आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग. मी लूपमध्ये डूइव्हेंट्स टाकलं, खिडकी जिवंत झाली, पण आता कधीकधी एकच पावती दोनदा पडते.

आसोदेकरीण

डूइव्हेंट्स म्हणजे काम चालू असताना दार उघडं ठेवणं. माणूस कंटाळून बटण पुन्हा दाबतो आणि तुमचा तोच कोड आतल्या आत पुन्हा सुरू होतो. लूप सुरू होताच बटण डिसेबल करा, संपल्यावर, आणि एरर आली तरीसुद्धा, परत चालू करा. आणि रिपोर्ट एवढा वेळ का घेतो ते बघा. बहुतेक लूपमध्ये प्रत्येक शेतकऱ्यासाठी वेगळी क्वेरी असेल.

चोपडा_जिनिंग

आहे. वेगळीच आहे.

फैजपुरी

शेवटचा हिशोब सांगतो. आज सावद्याला जाऊन आलो. बाहेर पाऊस होईल होईल म्हणत नुसता उकाडा, आत कूलर, मध्ये मी, एका बाजूला शेठ, एका बाजूला मुनीमजी.

पांझराकाठ दादा म्हणाले तसं मालकाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तिसरी एमडीबी निघाली. त्यात सात पट्ट्या, पहिल्या तीन दिवसांच्या. मुलाने टिक मारली तेव्हा त्या दिसेनाशा झाल्या, शेठना वाटलं लाइट गेल्यावर उडाल्या, त्यांनी वहीत बघून परत टाकल्या. मी सात कागदावर लिहिल्या आणि एकेक जुळवली. नाव, गाडी, वजन. पाच सापडल्या. दोन परत टाकायच्या राहून गेल्या होत्या. त्यातल्या एकात 20,000 ची उचल वजा करायची होती, ती त्या शेतकऱ्याच्या खात्यावर अजून उभीच होती, आणि तो बिचारा दर आठवड्याला येऊन म्हणत होता की मी फेडेल आहे.

शेठनी त्याला तिथूनच फोन लावला.

शिल्लक न जुळणारी अकरा खाती निघाली. मुनीमजींनी लाल वही काढली, तिच्याशी दहा जुळली. अकराव्यात मुनीमजी आणि शेठ यांचं आपसात काही ठरलेलं होतं, त्यात मी पडलो नाही.

बॅच फाइल बदलली, आता ती नव्या जागेवरून उचलते. पेन ड्राइव्हवरचा आजचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर त्यांच्यासमोर उघडून दाखवला. मुनीमजींनी स्वतः 1204-मु टाइप केलं, चिनावलचं नाव आलं.

पांझराकाठ

आणि यूएसी?

फैजपुरी

चालू आहे दादा. हात लावला नाही.

भरीतपुरी

आता हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की भरीत तुझ्याकडून. पांझराकाठ दादांना धुळ्याहून आणायची जबाबदारी माझी.